हा धडा घरी वाचून या

बेळगाव जिल्ह्यातल्या एका मराठी शाळेत मी तीस-बत्तीस वर्षे विज्ञान शिकवले. नोकरीला लागले ते 1981 साली. दहावीच्या पुस्तकात शेवटाकडे पुनरुत्पादनाचा धडा असे आणि त्यात एका पानावर स्त्रीच्या प्रजननसंस्थेची आकृती असे. पहिल्या दोन वर्षांत त्या पानाशी आले, की मी पुस्तक मिटून म्हणत असे, ‘‘हा धडा सोपा आहे, घरी वाचून या.’’ मुले खाली मान घालून हसत, मुली वहीत रेघोट्या ओढत आणि आम्ही सगळे सुटलो, असे मला वाटे. मी स्वतः विद्यार्थिनी असताना आमच्या गुरुजींनी हेच वाक्य उच्चारले होते. म्हणजे मी ते वारसाहक्कानेच चालवत होते.

दुसऱ्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगी होती. दर महिन्याला तीन-चार दिवस तिची गैरहजेरी ठरलेली. कारण एकच, पोटदुखी. घरच्यांनी आधी जंतांचे औषध दिले, मग देवऋषी पाहिला, अंगारे-धुपारे झाले. पाळी अजून आली नाही म्हणून आजीने नवस बोलून ठेवला होता. शेवटी दुखणे असह्य झाले, तेव्हा एका डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी तपासून सांगितले, की पाळी केव्हाच सुरू झाली आहे; फक्त योनिमुखावरच्या पडद्याला जन्मतः छिद्र नसल्याने रक्त आतल्या आत साठत आहे. छोटीशी शस्त्रक्रिया झाली आणि मुलगी बरी झाली. पेढे द्यायला आली, तेव्हा तिची आई मला सहज म्हणाली, ‘‘बाई, आत काय असतंय ते आमाला कुठनं कळणार? तुमच्या पुस्तकात असतंय म्हणे.’’

पुस्तकात होते. मी ते पान उलटले होते. महिन्याच्या महिन्याला पोट दुखते आणि पाळी येत नाही, या दोन गोष्टी शेजारी ठेवायला लागणारे ज्ञान त्या एका आकृतीत होते. तेव्हापासून धडा शिकवायचा, हे मी ठरवले. आणि शिकवायचा तर हे पान इतके अवघड का झाले तेही शोधायचे, असा नाद लागला. पुढे जे लिहिते आहे ते त्या शोधातून हाती आलेले आहे.

*

आपल्याकडे या विषयावर बोलण्याची परंपराच नाही, असे पुष्कळजण ठासून सांगतात. ते खरे नाही. ‘गर्भाशय’ हा शब्द आज आपल्या पाठ्यपुस्तकात आहे, तोच सुश्रुतसंहितेत आहे. योनीचा आकार शंखाच्या नाभीसारखा, तिला तीन वळसे, तिसऱ्या वळशात गर्भाशय, आणि त्याचा आकार रोहित माशाच्या तोंडासारखा, असे वर्णन तिथल्या शारीरस्थानात येते. पाळी साधारण बाराव्या वर्षी सुरू होते आणि पन्नाशीला थांबते, हेही तिथे आहे. वैद्य होणाऱ्याने हे शिकावे, अशीच अपेक्षा होती. शरीराचे वर्णन करताना कुणी लाजल्याचे त्या ग्रंथात दिसत नाही.

अर्थात, सगळेच बरोबर होते असे नाही. गर्भधारणेचा काळ पाळीपासून मोजायचा आणि तो संपला की सूर्यास्तानंतर कमळ मिटावे तशी योनी मिटते, असे सुश्रुत सांगतो. यात चूक कमळाच्या उपमेची नव्हती. स्त्रीच्या शरीरात बीज असते, ते महिन्यातून एकदा अंडाशयातून बाहेर पडते, ही गोष्टच तेव्हा जगात कुणाला ठाऊक नव्हती. इटलीतल्या फालोपियोने अंडनलिकांचे वर्णन केले 1561 साली. डच वैद्य द ग्राफने अंडाशयातले पुटक नीट पाहून त्यावर ग्रंथ लिहिला 1672 साली. आणि सस्तन प्राण्याचे अंडे प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले फॉन बेअरने, 1827 साली, एका कुत्रीच्या शरीरात. अंडे नेमके केव्हा सुटते, म्हणजे पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी, हे कळायला तर विसाव्या शतकाचे तिसरे दशक उजाडावे लागले. जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस यांनी ते स्वतंत्रपणे दाखवून दिले. मुंबई-ठाणे आगगाडी 1853 साली धावली. म्हणजे आगगाडी आपल्या आयांच्या मासिक चक्राच्या ज्ञानापेक्षा सत्तर वर्षांनी थोरली!

वर्गात हे सांगितले, की मुलांच्या चेहऱ्यावरची लाज जाऊन तिथे कुतूहल येई. आपण ज्याला झाकून ठेवतो, ते शोधायला माणसांना शतके लागली, हे कळले की विषय आपोआप गंभीर होतो.

*

मग लाज आली कुठून? तिचे एक मूळ माझ्या समजुतीप्रमाणे एकोणिसाव्या शतकात सापडते, आणि तिथे आपल्या शेजारच्या कोल्हापूरचा संबंध येतो.

आनंदीबाई जोशी यांचे नाव आपण सारे अभिमानाने घेतो. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण आणि दहा दिवसांत मूल गेले. त्या अमेरिकेत जाऊन 1886 साली डॉक्टर झाल्या. पदवीसाठी त्यांनी प्रबंधाचा विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. ज्या ज्ञानाच्या अभावी आपले मूल गेले असे त्यांना वाटत होते, तेच ज्ञान त्यांनी आपल्या जुन्या ग्रंथांतून आणि नव्या विद्येतून एकत्र मांडायला घेतले. कोल्हापूर संस्थानने त्यांना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रीविभागावर नेमले. परंतु त्या परतल्या त्या क्षयाने खंगूनच, आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी, बाविशी पुरी होण्याआधीच गेल्या. कोल्हापूरच्या त्या कामावर त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. त्या जगल्या असत्या तर या भागातल्या बायकांना आपल्याच भाषेत आपले शरीर समजावून सांगणारी डॉक्टर त्या काळी मिळाली असती, ही हळहळ मला आजही वाटते.

त्यानंतर तीनच वर्षांनी कलकत्त्यात फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या शरीरसंबंधामुळे मरण पावली. तेव्हाच्या कायद्याने संमतीचे वय दहा होते. ते बारा करावे, असे विधेयक आले आणि सारा महाराष्ट्र दुभंगला. पहिल्या ऋतुप्राप्तीनंतर गर्भाधान झालेच पाहिजे की नाही, यावर सभा भरल्या, अग्रलेख झडले. सरकारने धर्मात हात घालू नये म्हणून लोकमान्य टिळक विरोधात उभे राहिले, डॉ. रा. गो. भांडारकरांनी धर्मशास्त्राच्या आधारेच विधेयकाची बाजू मांडली. मार्च 1891 मध्ये कायदा झाला.

हा वाद वाचताना एक गोष्ट मनात राहते. मुलीच्या पाळीविषयी आणि गर्भाशयाविषयी मोठमोठे विद्वान जाहीरपणे बोलत होते. शास्त्री बोलत होते, वकील बोलत होते, संपादक बोलत होते. ज्या मुलींच्या शरीराविषयी हे चालले होते त्यांना मात्र त्यातले एक अक्षर कुणी समजावले नाही. विषय चारचौघांत बोलायचा, फक्त तो जिचा आहे तिच्यासमोर बोलायचा नाही, अशी ही विचित्र मर्यादा. माझ्या वर्गातल्या ‘घरी वाचून या’चे मूळ मला इथे दिसले.

*

ही मर्यादा मोडणारा माणूस मराठीतच झाला. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे गणित शिकवत. त्यांनी 1921 साली मुंबईत गिरगावात संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र उघडले. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंचे केंद्र निघाले ते याच वर्षी. या कार्यापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. जुलै 1927 मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि 1953 साली मृत्यू होईपर्यंत पदरमोड करून चालवले. पत्नी मालतीबाई यांची साथ नसती तर ते चालले नसते.

एका जुन्या वाचनालयात मला त्या मासिकाचे काही बांधीव अंक पाहायला मिळाले. मुखपृष्ठामुळे ते कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर होते. मी उघडले ते वाचकांच्या प्रश्नोत्तरांचे पान. प्रश्न अगदी साधे. भीतीचे, अज्ञानाचे, कधी संसारातल्या दुःखाचे. उत्तरे कोरडी, नेमकी, गणिताच्या मास्तराला शोभणारी. अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि 1934 साली मुंबई हायकोर्टात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. लैंगिक विषयावर लिहिलेले सारे अश्लील ठरवता येणार नाही, आणि लोक प्रश्न विचारत असतील तर जाणकाराने उत्तर का देऊ नये, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. निकाल विरुद्ध गेला, कर्व्यांना दंड झाला. मासिक थांबले नाही.

मी परत येऊन वर्गात एक जुना बिस्किटांचा डबा ठेवला. झाकणाला चीर पाडली. नाव न घालता प्रश्न लिहा आणि यात टाका, असे मुलांना सांगितले. पहिल्या आठवड्यात दोन चिठ्ठ्या निघाल्या, त्याही कोऱ्या. दुसऱ्या आठवड्यात सतरा. ‘लघवी आणि पाळी एकाच वाटेने येते काय?’ ‘अंडाशये दोन आहेत तर पाळी महिन्यातून दोनदा का येत नाही?’ ‘पाळीचे रक्त घाण असते काय?’ ‘मुलगी झाली म्हणून आईला मारतात, तर आईची चूक असते काय?’ शेवटची चिठ्ठी मुलाच्या अक्षरातली होती.

उत्तरे अशी दिली. मूत्रमार्ग, योनिमार्ग आणि गुदद्वार ही तीन वेगळी द्वारे आहेत. महिन्याला साधारणपणे दोहोंपैकी एकाच अंडाशयातून अंडे सुटते. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख अपक्व अंडी असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि आयुष्यभरात त्यांतली चारशे-पाचशेच पक्व होऊन बाहेर पडतात. पाळीत सरासरी 30 ते 40 मिलिलिटर रक्त जाते, अर्धा कपही नाही. ते गर्भासाठी तयार झालेल्या अस्तराचे असते, घाणीचे नव्हे. आणि मुलगा की मुलगी, हे बापाच्या शुक्रपेशीतल्या गुणसूत्रावर ठरते. आईकडून दर वेळी एकच प्रकार येतो. हे शेवटचे वाक्य मी फळ्यावर लिहून वर्गाला दोनदा वाचायला लावले.

इंग्रजी पुस्तकांत गर्भाशयाला नासपतीची उपमा असते. आमच्या मुलांनी नासपती पाहिलेली नव्हती. मी पेरू नेला, उलटा धरला. लांबी साधारण साडेसात सेंटिमीटर, देठाकडची बाजू खाली. सुश्रुताने मासा घेतला, मी पेरू. ज्याच्या त्याच्या बाजारात जे मिळेल ते!

*

आपल्या सीमाभागात या विषयाला आणखी एक अडचण आहे, भाषेची. घरात मराठी, बाजारात दोन्ही, दवाखान्यात बहुधा कन्नड आणि औषधाच्या चिठ्ठीवर इंग्रजी. मुलीला दुखते कुठे, हे सांगायला शब्द हवा आणि तो समोरच्याला कळायला हवा. म्हणून मी फळ्यावर तीन रकाने आखत असे: पुस्तकातला शब्द, घरातला शब्द, दवाखान्यातला शब्द. पुस्तकात ‘गर्भाशय’, घरात ‘पिशवी’, कन्नड नर्सबाईंच्या तोंडी ‘गर्भकोश’ नाहीतर ‘गर्भचील’. आणि ‘चील’ म्हणजे पिशवीच! ‘अंडाशय’ तर दोन्ही भाषांत तोच.

पाळीच्या रकान्यात मोठी गंमत झाली. आपण म्हणतो ‘कावळा शिवला’, ‘बाहेर बसली’. कन्नडमध्ये पाळीला ‘मुट्टु’ म्हणतात आणि त्या शब्दाचा अर्थही स्पर्श. ‘होरगे’ म्हणजे बाहेर, हेही तिकडे आहेच. एका मुलीने उठून विचारले, ‘‘बाई, दोन्ही भाषेत शिवाशिवच हाय की! मग भांडतात कशाला?’’ वर्ग हसला, मीही हसले. पण तिचे म्हणणे मला पुढे फार वेगळ्या रीतीने आठवले.

केंद्र सरकारने 2005 साली शाळांसाठी किशोरावस्था शिक्षणाचा कार्यक्रम आणला. नववी आणि अकरावीच्या मुलांना शरीरातले बदल, एड्सपासून बचाव, नकार देण्याचा हक्क हे शिकवावे, असा त्याचा हेतू. शिक्षकांसाठीच्या साहित्यातल्या चित्रांवरून गहजब झाला. संस्कृती बुडाली, असे म्हणत 2007 साली महाराष्ट्र सरकारने तो बंद केला आणि त्याच वर्षी कर्नाटक सरकारनेही. 1956 पासून या दोन सरकारांचे आपल्या गावांवरून भांडण आहे. महाजन आयोगाचा 1967 चा अहवाल झाला, 2004 साली दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. इतक्या वर्षांत त्यांचे ज्या थोड्या गोष्टींवर चटकन एकमत झाले, त्यांत ही एक! पुढे 2009 साली राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळेत लैंगिक शिक्षण नको, असेच सांगितले.

दहावीच्या पुस्तकातला विज्ञानाचा धडा या निर्णयाने गेला नव्हता. पण धाक बसला. ‘‘आता बंदी आहे ना हो बाई?’’ म्हणून दुसऱ्या शाळांतल्या कितीतरी जणांनी पुस्तक पुन्हा मिटले. माझ्या डब्यावरूनही एका पालकाने तक्रार केली. मी त्यांना चिठ्ठ्या वाचायला दिल्या. ते बराच वेळ वाचत बसले आणि काही न बोलता गेले. त्यांची मुलगी दुसऱ्या दिवशी वर्गात होती, एवढे मला पुरले.

*

न शिकवण्याची किंमत किती, हे मला निवृत्तीनंतर समजले. आपल्याकडच्या साखर कारखान्यांच्या हंगामात बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात, हे तुम्ही पाहताच. 2019 साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली, तेव्हा त्यांतल्या 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. कित्येकींचे वय चाळिशीच्याही आत. पाळीमुळे खाडा, खाड्यामुळे दंड, त्यात अंगावरून जाण्याचे दुखणे, आणि ‘नाही काढली तर कॅन्सर होईल’ अशी कुणी घातलेली भीती.

अशाच एका टोळीतली बाई आमच्या गावच्या हापशीवर भेटली. वय सांगितले अठ्ठावीस. म्हणाली, ‘‘पिशवी काढून टाकली, कटकट गेली. पण आता कंबर धरती, अंगातून वाफा निघत्यात, हाडं दुखत्यात.’’ पिशवीबरोबर अंडाशयेही काढली काय, असे मी विचारले. तिला त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेच ठाऊक नव्हते. अंडाशये काढली, तर शरीराला हाडे धरून ठेवणारे संप्रेरक मिळेनासे होते आणि ऐन तारुण्यात म्हातारपण येते. सही करण्याआधी हा एक प्रश्न तिला डॉक्टरांना विचारता आला असता. गरिबी त्या प्रश्नाने गेली नसती, मुकादमाचा दंडही नाही. पण शरीर तिचे होते आणि त्याचा नकाशा तिला कुणी दाखवला नव्हता.

आता वारे थोडे बदलले आहे. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात सर्वांगीण लैंगिक शिक्षणाची गरज स्पष्ट शब्दांत सांगितली. तरी निकाल दिल्लीत लागतो आणि पान वर्गात उलटले जाते.

ती पोटदुखीची मुलगी मध्यंतरी भेटली. आता तिची लेक दहावीला आहे. मी तिला विचारले, शाळेत तो धडा शिकवला काय? ती म्हणाली, ‘‘नाही बाई. पण मी बसून शिकवला. तीन रकाने आखूनच.’’ आणि मग जरा थांबून, ‘‘तिच्या भावालाही शेजारी बसवलं होतं.’’

वाचकहो, हा अंक तुमच्या घरी फराळाच्या ताटाशेजारी पडलेला असेल. घरात दहावीचे मूल असेल तर त्याचे विज्ञानाचे पुस्तक मागवून घ्या आणि ते पान काढा. मराठीत वाचा, कन्नडमध्ये वाचा, जमेल त्या भाषेत वाचा. ‘घरी वाचून या’, असे आम्ही शिक्षक इतकी वर्षे सांगत आलो. निदान घरी तरी ते वाचले जाऊ दे.